बिनपगारी फौजेचा हिशेब

अमरावतीत पत्ता सांगताना लोक आजही अंबागेट, नागपुरी गेट, भुसारी गेट, खोलापुरी गेट अशी नावे सहज घेतात. ही दारे ज्या परकोटाची, त्याचे काम १८०७ मध्ये निजामाच्या सरकारने सुरू केले. २० ते २६ फूट उंचीची भिंत, सव्वादोन मैलांचा घेर, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. गावात कापसाचा व्यापार होता, सावकारांच्या पेढ्या होत्या आणि सातपुडा उतरून पेंढारी लुटारू येत होते. त्यांच्या धास्तीने ही भिंत उभी राहिली.

खेड्यांना असा परकोट कोण बांधून देणार? वऱ्हाडातल्या गावांनी आपली सोय पांढऱ्या मातीत केली. उंचवट्यावर पाटला-देशमुखांची गढी, तिला कोपऱ्यांवर बुरूज आणि हातभर नव्हे तर चांगल्या पुरुषभर जाडीच्या भिंती. धाडीची हूल उठली की बायामुले, गुरे आणि हाती लागेल ते भांडेकुंडे घेऊन गाव गढीत शिरायचे. पेंढारी वेढा घालून बसणारे नव्हते, त्यांच्याकडे तोफा नसत. म्हणून मातीची भिंतही कामी यायची. रानातले पीक आणि मागे राहिलेली घरे मात्र दैवावर सोडलेली.

मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर याच पट्ट्यात येते. गोविंदप्रभूंचे गाव, म्हाइंभटाने लीळाचरित्र जिथे सिद्ध केले ते गाव आणि २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठाचे गाव. धाड ही गोष्ट इथे पेंढाऱ्यांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. लीळाचरित्राची मूळ पोथी चौदाव्या शतकातल्या एका धाडीत गेली आणि नंतर ती आठवणींतून पुन्हा जुळवावी लागली, असे महानुभाव परंपरा सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिद्धपुराची अवस्था दोन धन्यांमधल्या गावासारखी होती. पश्चिमेला अचलपुरात निजामाचे जहागीरदार नवाब, पूर्वेला वर्धा नदीपलीकडे नागपूरकर भोसल्यांचा मुलूख आणि उत्तरेच्या डोंगरांपलीकडे, नर्मदेच्या काठाला, पेंढाऱ्यांच्या छावण्या.

गावकऱ्याला पेंढारी आभाळातून पडल्यासारखे वाटत असतील. पण ते कोणाच्या तरी मुलखात राहत, कोणाच्या तरी सनदेवर जमीन खात आणि कोणाच्या तरी डोळेझाकीने बाहेर पडत. एका राज्याने शेजारच्या राज्यात आपली फौज न धाडता दुसऱ्याच्या हातून काम करवून घ्यायचे, ही आज सुदानपासून काँगोपर्यंत चर्चेत असलेली पद्धत वऱ्हाडने दोनशे वर्षांपूर्वी पुरती भोगली आहे.

पेंढारी मराठी फौजांबरोबर चालत, पण फौजेचा भाग नसत. त्यांचा तळ वेगळा पडे. शिंद्यांच्या आश्रयाचे ते शिंदेशाही आणि होळकरांच्या आश्रयाचे ते होळकरशाही, अशी त्यांची ओळख होती. सर जॉन माल्कमने १८२३ मध्ये छापलेल्या माळव्याच्या इतिहासात या व्यवस्थेचा हिशेब दिला आहे. फौज स्वतःच्या मुलखात असली की पेंढाऱ्याला लुटीची बंदी. त्या बदल्यात त्याला सरासरी चार आणे रोज मिळे. वरचे पैसे तो तट्टांवर दाणा, वैरण, लाकूडफाटा वाहून कमवी. शत्रूचा मुलूख जवळ आला की फौजेच्या काही दिवस आधी त्याला पुढे सोडत, आणि त्याच दिवसापासून चार आणे बंद. आता त्याचे पोट शत्रूच्या रयतेवर. मोहीम संपली की हिशेबाची शेवटची ओळ यायची: सरदारात ताकद असेल तर तो पेंढाऱ्यांच्या तळाला गराडा घालून, त्यांच्या म्होरक्यांना पकडून, लुटीतला मोठा वाटा काढून घेई.

हे सगळे लिहिणारा माल्कम स्वतः पेंढाऱ्यांविरुद्धच्या युद्धातला सेनानी होता. पेंढारी जितके भयंकर, तितके ईस्ट इंडिया कंपनीचे युद्ध न्याय्य, हे त्यालाही कळत होते. त्याची वर्णने वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पगाराची ही पद्धत मात्र त्यावेळच्या राज्यांच्या तिजोरीकडे पाहिले की सहज पटते. शिंदे असोत वा होळकर, शिपायांचे पगार महिनोन्‌महिने थकलेले असत आणि आपल्याच सरदाराच्या दारात धरणे धरून बसलेल्या पलटणी ही रोजची गोष्ट होती. अशा दरबाराला फुकटात मिळणारे हजारो घोडेस्वार नको कसे असतील?

दसऱ्याच्या सुमारास नद्यांना उतार पडू लागला की घोड्यांना नाल ठोकले जात आणि टोळ्या निघत. टोळीच्या म्होरक्याला लुभरिया म्हणत. तंबू नाहीत, सामानसुमान नाही. स्वाराच्या खोगिराला थोड्या भाकऱ्या आणि घोड्यापुरता दाणा. हजारातले चारेकशे स्वार चांगल्या घोड्यांवर, हातात लांब बांबूचे भाले. पंधरा-वीस जणांमागे एखादी तोड्याची बंदूक. बाकीचे तट्टांवरचे नोकर-चाकर आणि मागून येणारे हौशे-गवशे. दिवसाला चाळीस-पन्नास मैल मजल मारणाऱ्या या टोळ्यांना पायदळ कधी गाठू शकत नसे. गुप्त धन कुठे पुरले आहे हे सांगावे म्हणून गरम राखेची थैली तोंडाला बांधून पाठीवर रट्टे घालण्याचा प्रकार अनेक वर्णनांत येतो.

एका मोहिमेचे आकडे नीट नोंदले गेले आहेत. मार्च १८१६ मध्ये पेंढारी निजामाचा मुलूख ओलांडून थेट कंपनीच्या गुंटूर जिल्ह्यापर्यंत पोहोचले. साडेअकरा दिवसांत ३३९ गावे लुटली गेली, १८२ माणसे मारली गेली, ५०५ जखमी झाली आणि ३,६०३ लोकांचे हाल करण्यात आले. नर्मदेपासून गुंटूरपर्यंत जाऊन पुन्हा परत यायचे म्हणजे वाटेत किती गावे लागली असतील! त्या गावांची अशी मोजदाद कोणी केली नाही, कारण ती कंपनीची नव्हती.

नागपूरकर भोसल्यांची गोष्ट या सगळ्यात सर्वांत बोलकी आहे. हिरू आणि बुरण हे दोघे पेंढारी सरदार अठराव्या शतकाच्या अखेरीस कामाच्या शोधात होते. त्यांनी आधी भोपाळ दरबाराकडे जाऊन नागपूरचा मुलूख लुटून देण्याची तयारी दाखवली. भोपाळने नकार दिला. मग तेच दोघे नागपूरला आले आणि दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी त्यांना भोपाळवर सोडले. भोपाळचा मुलूख त्यांनी धुऊन काढला. लुटीने लादलेले पेंढारी परतले तेव्हा रघूजींच्या फौजेने त्यांच्याच तळाला वेढा घालून सगळी लूट काढून घेतली. बुरण कैदेत मेला. हिरू निसटून दौलतराव शिंद्यांच्या आश्रयाला गेला आणि पुढे बऱ्हाणपुरात वारला. त्यांच्या मागून दोस्त महंमद आणि वासिल महंमद यांनी दल सांभाळले, आणि नागपूरच्या वाट्याला पुढे जे आले त्याला भोपाळची फेड म्हणायला हरकत नाही.

वऱ्हाडचा अनुभव याहून जुना. १७९० मध्ये गाझी खान पेंढाऱ्याला भोसल्यांच्या सरदारांनी अकोल्याजवळ हरवल्याची नोंद आहे. म्हणजे एकीकडे पेंढाऱ्यांशी लढायचे आणि दुसरीकडे त्यांनाच शेजाऱ्यावर सोडायचे, असा दुहेरी व्यवहार नागपूर दरबार करत होता.

१८०३ ने चित्र पालटले. २९ नोव्हेंबरला अडगावच्या मैदानात कंपनीकडून शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहात भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला. गाविलगड, नरनाळा आणि त्यांच्या पायथ्याचा काही भाग तेवढा भोसल्यांकडे राहिला. वऱ्हाड निजामाला मिळाला. अमरावतीचा परकोट निजामाने बांधायला घेतला तो यानंतर. या युद्धाचा आणखी एक परिणाम झाला. तहांनंतर दरबारांच्या फौजा रोडावल्या. ज्याला घोड्यावर बसणे आणि भाला चालवणे याखेरीज दुसरे काही येत नव्हते, असा स्वार घरी जाऊन नांगर धरेल ही अपेक्षा फोल होती. तो पेंढाऱ्यांत गेला. त्यांचा आकडा पंचवीस-तीस हजारांवर गेल्याचे अंदाज आहेत. पेंढारी वाढले त्यात शिंदे-होळकरांचा हात होता तसा कंपनीच्या तैनाती फौजेच्या धोरणाचाही होता.

आता नागपूरवर धाडी येऊ लागल्या. १८०९ मध्ये अमीर खान पठाण मोठी फौज घेऊन भोसल्यांच्या मुलखात शिरला. हा पेंढारी नव्हे, होळकरांचा सरदार. पण पेंढारी त्याच्याबरोबर होते. त्याचे म्हणणे असे की, यशवंतराव होळकर पूर्वी नागपुरात आश्रयाला आले असताना रघूजींनी त्यांना कैद केले आणि त्यांचे जडजवाहीर ठेवून घेतले. त्याची भरपाई हवी. कंपनीने कर्नल क्लोजची फौज नागपूरच्या मदतीला धाडली, तेव्हा अमीर खानाने कायदा दाखवला: आपण होळकरांच्या वतीने आलो आहोत आणि होळकरांच्या व्यवहारात ढवळाढवळ करणार नाही, असा तह कंपनीनेच केला आहे. नावाने होळकरांचा नोकर, कामाने स्वतःचा मुखत्यार. जिथे जे सोयीचे, तिथे ते नाव पुढे.

दोन वर्षांनी, १८११ मध्ये, पेंढाऱ्यांनी नागपूरच्या वेशीपर्यंत येऊन बाहेरच्या वस्त्या जाळल्या. त्याच सुमारास करीम खान आणि चितू हे दोन मोठे म्होरके एकत्र आले होते आणि करीमची नजर नागपूरवर होती. बेत फसला तो भोसल्यांच्या तलवारीमुळे नाही. चितूला त्यांनी आधीच जमिनी देऊन गप्प केले होते. त्याने करीमला साथ नाकारली आणि उलट शिंद्यांच्या फौजेबरोबर जाऊन त्याचाच मोड केला. एकेकाळी भोपाळवर पेंढारी सोडणारे रघूजी आता पेंढाऱ्यांनी येऊ नये म्हणून पेंढाऱ्यालाच जहागीर देत होते.

करीम आणि शिंद्यांचे नाते याहून गुंतागुंतीचे. त्याला जमिनी दिल्या शिंद्यांनी; तो फार मोठा झाला म्हणून १८०६ मध्ये भेटीचे निमित्त करून त्याला पकडले शिंद्यांनीच. काही वर्षे ग्वाल्हेरला डांबले आणि पुढे सहा लाख रुपये ठरवून सोडून दिले. हे सहा लाख करीमने कुठून आणायचे, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. सुटल्यावर त्याने ज्या गावांवर धाडी घातल्या, त्यांत शिंद्यांचीही गावे होती.

पोट लुटीवर असलेल्या फौजेला वेळापत्रक पाळायला लावता येत नाही, याचे विसाव्या शतकातले ठळक उदाहरण काश्मीरचे आहे. २२ ऑक्टोबर १९४७ रोजी पाकिस्तानने पुढे केलेले पठाण टोळीवाले मुझफ्फराबादच्या बाजूने आत घुसले. मोहिमेची आखणी करणाऱ्यांत लष्करी अधिकारी अकबर खान होते. त्यांनी ‘जनरल तारिक’ असे टोपणनाव घेतले होते. श्रीनगर टप्प्यात असताना टोळीवाले बारामुल्लात लुटीत रमले. तेवढ्या अवधीत, २७ ऑक्टोबरला, भारतीय सैन्याची पहिली विमाने श्रीनगरला उतरली. श्रीलंकेत असे दल आश्रयदात्यावरच उलटले. १९८० च्या दशकात तमिळ बंडखोर गटांना भारतात प्रशिक्षण आणि शस्त्रे मिळाली. १९८७ मध्ये शांतिसेना गेली ती त्यांतल्याच सर्वांत बलवान गटाशी, एलटीटीईशी, लढत बसली आणि २१ मे १९९१ रोजी त्याच संघटनेने राजीव गांधींचा बळी घेतला.

सुदानचे उदाहरण तर पेंढाऱ्यांच्या इतक्या जवळचे आहे की नावे बदलून वाचावे. दारफूरमधले बंड मोडण्यासाठी खार्टुमच्या सरकारने २००३ पासून जंजावीद नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वारांना मोकळे सोडले. उंट-घोड्यांवरून येऊन गावे जाळणे ही त्यांची पद्धत. २०१३ मध्ये त्यांतूनच ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ हे दल सरकारी छापाचे झाले. येमेनच्या युद्धात सौदी आघाडीच्या बाजूने हजारो सुदानी लढले, त्यांत या दलाची माणसे होती. सोन्याच्या खाणींतून स्वतःचा पैसा आला, बाहेरचे आश्रयदाते मिळाले आणि १५ एप्रिल २०२३ रोजी त्या दलाचे सुदानच्या सैन्याशीच युद्ध सुरू झाले.

अशा व्यवहारात आश्रयदात्याला पैशाच्या बचतीइतकीच मोलाची वाटते ती नामानिराळे राहण्याची सोय. कंपनीने तक्रार केली की शिंदे दरबार पेंढाऱ्यांवर आपला ताबा नसल्याचे सांगे. जबाबदारी सिद्ध करायची कशी, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. निकाराग्वामधल्या काँट्रा बंडखोरांना अमेरिकेने पैसा, शस्त्रे आणि प्रशिक्षण दिल्याचे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८६ मध्ये मान्य केले. तेवढ्यासाठी अमेरिकेला दोषीही धरले. पण काँट्रांनी केलेल्या प्रत्येक अत्याचाराची जबाबदारी अमेरिकेवर टाकायची तर त्या कृत्यांवर तिचे प्रत्यक्ष नियंत्रण दाखवावे लागेल, असे न्यायालय म्हणाले. ही कसोटी दौलतराव शिंद्यांना लावली असती तर बहुधा ते सुटले असते. १८१७ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जला न्यायालयाची गरज नव्हती. गुंटूरने त्याला कारण पुरवले होते आणि त्याच्याकडे लाखाहून अधिक फौज होती.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी शिंद्यांना तह करून पेंढाऱ्यांविरुद्ध मदतीचे वचन द्यावे लागले. चार दिवसांनी अमीर खानाशी करार झाला आणि तो टोंकचा नवाब बनला. लुटारू म्हणून ज्यांचा पाठलाग चालला होता, त्यांच्याच जोडीदाराला कंपनीने संस्थान देऊन टाकले. करीम खान फेब्रुवारी १८१८ मध्ये माल्कमला शरण आला आणि गोरखपूरकडे मिळालेल्या जमिनीवर शेती करू लागला. चितू शरण आला नाही. तो नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांबरोबर सातपुड्यात भटकला, १८१९ च्या सुरुवातीला असीरगडाजवळच्या जंगलात एकटा राहिला आणि वाघाच्या तोंडी गेला. त्याचा खोगीर घातलेला घोडा सापडला. थैलीत अडीचशे रुपये होते, शिक्क्याच्या अंगठ्या होत्या आणि पुढे इनाम देण्याचे वचन देणारी आप्पासाहेबांची पत्रे होती. राज्य गमावलेला राजा अजूनही पेंढाऱ्याला पुढच्या तारखेचा चेक देत होता. असीरगड ९ एप्रिल १८१९ रोजी पडला, तेव्हा शिंद्यांचेही एक पत्र सापडले: कंपनीशी लढणाऱ्या पेशव्यांचा हुकूम मानावा, असे किल्लेदार यशवंतराव लाडला लिहिलेले. नामानिराळेपणामागे काय चालते, याचा तो कागदी पुरावाच होता. कंपनीने शिक्षा म्हणून असीरगड कायमचा ठेवून घेतला.

नागपूरचा निकाल त्याआधीच लागला होता. रघूजींनी हयातभर कंपनीची तैनाती फौज टाळली. २२ मार्च १८१६ रोजी ते वारले आणि मे महिन्यात आप्पासाहेबांनी वर्षाला साडेसात लाख रुपये कबूल करून ती घेतली. दरबारातली भाऊबंदकी हे मोठे कारण होते. पण धाडींनी रिकामी केलेली तिजोरी आणि घाबरलेले शहर हेही त्यामागे होते. दीड वर्षात सीताबर्डीची लढाई झाली आणि भोसल्यांचे राज्य नावापुरते उरले.

निजामाच्या वऱ्हाडात हिशेब जास्त दिवस चालला. पेंढाऱ्यांशी लढायला स्वतःची शिस्तबद्ध फौज हवी, असे हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने कारभारी चंदुलालच्या गळी उतरवले. फौज निजामाची, पगार निजामाचा, अधिकारी इंग्रज आणि हुकूम रेसिडेंटचा. एका अर्थी हीसुद्धा दुसऱ्याच्या खर्चाने लढणारी फौज होती, फक्त गणवेशातली. पगार वेळच्या वेळी द्यायला हैदराबादच्या पामर पेढीने चढ्या व्याजाने कर्ज दिले आणि त्यापोटी वसुलीच्या जमिनी गुंतत गेल्या. १८१९ नंतर पेंढारी उरले नाहीत. फौज मात्र राहिली. तिचे नाव पुढे हैदराबाद कंटिंजंट पडले, तिच्या पलटणी परतवाड्याच्या छावणीत होत्या आणि दर महिन्याचा खर्च निजामाच्या नावे चढत गेला.

थकबाकीचा आकडा कंपनीच्या हिशेबाने पन्नास लाखांच्या घरात गेला तेव्हा, २१ मे १८५३ च्या तहाने, निजामाने या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीकडे लावून दिला. रिद्धपूर, मोर्शी, अमरावती, अकोला यांचा महसूल आता इंग्रज अधिकारी गोळा करू लागले. निजामाच्या दिवाणांनी, थोरल्या सालारजंगांनी, वऱ्हाड परत मिळावा म्हणून अनेक वर्षे अर्ज-विनंत्या केल्या, १८७६ मध्ये विलायतेची वारीही केली. उपयोग झाला नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने महबूब अली खान निजामाशी करार करून वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या कायम पट्ट्याने घेतला आणि ज्या फौजेच्या पगारासाठी हा प्रांत गेला होता, ती पुढच्याच वर्षी हिंदुस्थानी सैन्यात विलीन करण्यात आली.